बिनशेंगेची पोरगी

भरल्या मेळाव्यात, हातात माईक असताना, मी माझ्या झाडाला वांझ म्हणालो; आणि माझी बायको पहिल्या रांगेत बसली होती. आम्हाला मूलबाळ नाही.

चूक एवढीच. आगपेटीवर लिहिता येईल. आयुष्यात मी केलेल्या बाकीच्या चुका पुष्कळ मोठ्या, अंगणभर पसरणाऱ्या. पण त्या सांगून सांगून मी चहा मिळवला, टाळ्या मिळवल्या, बदलून आलेल्या साहेबांची मर्जीसुद्धा मिळवली. ही एकच अशी, की पहिल्या वाक्यालाच समोरचा माणूस कप खाली ठेवतो.

मी नगरच्या बाहेर एका सरकारी फार्मवर झाडांची जात सुधारायचं काम करायचो. गावाकडं हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "झाडात काय सुधरायचं असतंय? ते काय दारू पितंय?" माझ्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा वडिलांनी पाहुण्यांना "पोरगा शेतकीत साहेब हाय" एवढंच सांगितलं. कोणत्या झाडावर साहेब आहे ते त्यांनी अक्षता पडेपर्यंत लपवलं. कारण झाड होतं सुबाभूळ, आणि आमच्या भागात सुबाभळीवर संशोधन करणं म्हणजे घरात हौसेनं उंदीर पाळणं.

सुबाभूळ तुम्ही पाहिलेली असते, नाव माहीत नसलं तरी. रस्त्याच्या कडेला, पाटाच्या भरावावर उभी असते. चिंचेसारखी बारीक पानं, गोंड्यासारखी पांढरी फुलं, आणि उन्हाळ्यात झुपक्यांनी लटकणाऱ्या चपट्या तपकिरी शेंगा, वाऱ्यावर खुळखुळ्यासारख्या वाजणाऱ्या. झाड मोठं गुणाचं. शेळ्यांना पाला, चुलीला सरपण, मांडवाला डांब, कागदाला लाकूड. बुडापासून तोडली तर चिडल्यासारखी फुटते आणि बघता बघता पुन्हा डोक्याच्या वर जाते. दोष एकच, बी. एक झाड लावलं की पुढच्या पावसाळ्यात बांध, वाफे, उकिरडा, जिकडंतिकडं तिची पिल्लावळ. म्हणून आमच्याकडं लोक पाला तोडताना तिला सुबाभूळ म्हणतात आणि निंदायला बसले की कुबाभूळ.

हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं, चुलत्यांच्या रानात शिकलो. नोकरीच्या पहिल्या उत्साहात काष्टीला त्यांच्या बांधावर मीच कौतुकानं सुबाभळीची रांग लावून दिली होती. तिच्या शेंगा तडकल्या आणि त्यांच्या कांद्यात सुबाभळीचं रान माजलं. मी गावी गेलो की चुलते वाफ्यात उकिडवे बसलेले असायचे. मान वर न करता म्हणायचे, "ये. बस. तुजीच औलाद उपटतोय."

हा विनोद त्यांनी बरीच वर्षं चालवला. मग माझं लग्न झालं, लग्नाला वर्षं उलटत गेली, पाळणा हलेना, आणि एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की चुलते आता नुसतं "ये, बस" म्हणतात. पुढचं गिळतात. काही शब्द काही घरांत चालत नाहीत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. चुलते तिसरीत शाळा सोडलेले. त्यांना कळलं. मी शिकत राहिलो, मला नाही कळलं.

चुलत्यांच्या त्या कांद्याच्या वाफ्यातच मी ठरवलं होतं की झपाट्यानं वाढणारी पण शेंग न धरणारी सुबाभूळ काढायची.

बायको नेवाशाची. आम्ही भिंगारला दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं, तेव्हा बाजारातला एक टेलर तिला घरी काम द्यायचा: लष्करी गणवेशांवर फिती आणि बिल्ले टाचायचे. फीत रेघभरही तिरकी गेलेली चालायची नाही. तिची बोटं अशी तयार झाली होती की मी बटण लावायला बसलो तर ती हसूच लागायची. "राहू द्या. शर्टाला भोसकाल."

काम काय आहे ते मी तिला एकदा जेवताना समजावून सांगितलं. सुबाभळीची एक परदेशी बहीण असते. तिला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्याचा लागतो. तिच्या फुलावर आपल्या सुबाभळीचा पराग टाकला, तर त्यातून जी रोपं येतात त्यांची गत घोडी आणि गाढव यांच्या खेचरासारखी. अंगानं दांडगी, कष्टाला चिवट, पुढं वंश नाही. "म्हणजे खेचर काढायचंय तुम्हाला झाडाचं," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगदी." तिनं भाकरीचा पापुद्रा उलगडून त्यात भाजी भरली आणि विचारलं, "मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ते वेळेवर. फूल उमलतं पहाट सरता सरता आणि फार्मवरचा रोजंदारीचा माणूस येणार ऊन चढल्यावर. तोवर माश्यांनी आपापलं संशोधन उरकलेलं असायचं. मी स्वतः शिडीवर चढायचो, पण माझ्या हाताला फूल लागलं की देठच तुटायचा. शेवटी ती म्हणाली, "चला, मी येते."

थंडीचे दिवस होते. स्कूटरच्या मागं ती, मांडीवर पिशवी, पिशवीत माझ्या वडिलांच्या जुन्या धोतराच्या शिवलेल्या छोट्या छोट्या थैल्या. आदल्या संध्याकाळी कळ्यांवर त्या थैल्या चढवायच्या, म्हणजे परका पराग शिवायला नको. आणि सकाळी एकेक सोडून गोंड्यानं गोंडा हलकेच थोपटायचा. थैल्या बांधायला तिच्याकडचा गणवेशांचा हिरवा दोरा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं हे झाड लष्करात भरती झालंय. मी खाली शिडी धरून उभा. माझ्या हातून नीट पार पडलेलं तेवढं एकच काम.

तिला एकदा दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात राहिले नाहीत. त्यानंतर नगरचे डॉक्टर, पुण्याचे डॉक्टर, एक काढा देणारा, आणि मग कोणीच नाही. घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. फक्त काष्टीला चुलत बहिणीचं डोहाळजेवण होतं तेव्हा ओटीचं ताट एकेका बाईच्या हातात फिरत आलं आणि माझ्या चुलतीनं ते माझ्या बायकोला वगळून पलीकडच्या बाईला दिलं. चुलती वाईट नाही. तिनं ते इतक्या हळुवारपणे केलं, जसा झोपलेल्या माणसावरून हात पुढं करून दिवा विझवावा.

आमच्या त्या थोपटण्यातून मूठभर बी मिळालं. रोपं आली. त्यातली बरीच ओबडधोबड निघाली, काही मेली, आणि एक निघालं. काय सांगू, सकाळी बघावं तर संध्याकाळी ओळख लागू नये. दुसऱ्याच पावसाळ्यात माझ्या डोक्यावर गेलं. बायको म्हणाली, "पोरीची जात. बघता बघता वाढते." तेव्हापासून आमच्यात तिचं नाव पोरगी. "पोरगीला पाणी दिलं का?" "पोरगी वाऱ्यानं वाकली असेल." एकदा खरंच वाकली, तर तिनं गणवेशाची एक फीत आणून ती काठीला बांधली आणि मला बजावलं, "बुंधा भरला की सोडा बरं का." मी हो म्हणालो. मी विसरलो. फीत सालीत रुतली आणि कमरेला करगोटा बांधावा तसा कायमचा करकोचा राहिला. त्यावरून तिनं मला महिनाभर ऐकवलं. सुखाचा महिना होता तो.

मग पोरगी फुलली. पांढरीशुभ्र, नखशिखांत. आणि शेंग एकही नाही. पुढच्या बहराला नाही, त्याच्या पुढच्या बहराला नाही. मी फार्मवर नाचलो. खरोखर नाचलो, लोकांनी पाहिलं.

शेतकरी मेळावा काष्टीलाच ठेवला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. माझंच गाव, माझेच लोक, मग काय विचारता. बायकोचा सत्कार करायचा हे मीच आयोजकांना सुचवलं होतं; तिला सांगितलं नव्हतं, गंमत म्हणून. ती थैल्यांची पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसली होती, बायकांना दाखवायला.

'वंध्य' हा शब्द माझ्या कागदात होता. व्यासपीठावरून खाली बघितलं, पागोटी दिसली, टोप्या दिसल्या, आणि मला वाटलं, ह्यांना वंध्य काय कळणार? मी गावरान बोलणारा साहेब म्हणून माझी ख्याती. कागद घडी करून खिशात घातला.

"मंडळी, सुबाभळीचा तरास काय? पोरं! एक लावली की रानभर. बरूबर हाय का न्हाई?"

"बरूबर!"

"मंग आता ऐका. आमी काढलीय वांझ. फुलती, मिरवती, पर शेंग न्हाई. घरात वांझ नको म्हणता, पर बांधावर वांझच पायजे! रडत न्हाई, मागत न्हाई, पसारा करत न्हाई. नुसती राबती!"

मंडप असा हसला की वरचं कापड हललं. मी पण हसलो. हसता हसता खाली नजर गेली. तीही हसत होती. ओठांवर हसू तसंच होतं, फक्त डोळे खाली पिशवीच्या तोंडाशी गेले होते, आणि हात पिशवीचं तोंड बंद करत होते.

तरी मला पुरतं कळलं नाही. माझ्या पाठोपाठ सूत्रसंचालकानं माईक घेतला आणि म्हणाला, "ज्यांच्या हातून हे झाड जन्माला आलं, त्या आपल्या वहिनींचा सत्कार." ती उठली. पायऱ्या चढत असताना मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, फार मोठ्यानं नाही:

"मंग बरूबर. जसा हात, तसं झाड."

आसपासचे हसले. ज्यांना ठाऊक नव्हतं तेही हसले, कारण मीच त्यांना हसायच्या वळणावर आणून ठेवलं होतं. माझे चुलते उभे राहिले. "कोन बोललं रं? कोन बोललं त्ये?"  चुलतीनं पदर तोंडाला लावला. बायकोनं नारळ घेतला, शाल घेतली, फोटोवाल्यानं सांगितलं तिकडं बघितलं, आणि खाली उतरून आपल्या जागेवर बसली. पुढची दोन भाषणं तिनं पुरी ऐकली.

परत येताना एसटीत खिडकीशी ती, मांडीवर नारळ. अर्धी वाट झाल्यावर म्हणाली, "अहो, दुसरा शब्द नव्हता?"

"होता की. वंध्य, निर्बीज. पण लोकांना कळला नसता."

"मला सांगताना खेचर म्हणाला होतात. मला कळलं होतं."

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "खेचर म्हटलं असतं तर एवढे हसले नसते."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. फीत तिरकी लागली की नाही हे बघावं तसं. "हां," ती म्हणाली. "हसले पाहिजेत." आणि खिडकीकडं वळली.

भांडण झालं नाही. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, माझे मोजे जागच्या जागी. नारळ तिनं फोडला नाही, फळीवर ठेवला. पुढं तो आतून सुटला आणि फळी पुसताना हलला की वाजायचा. फार्मवर ती पुन्हा आली नाही. थैल्यांना कापड संपलं म्हणाली. आणि एका सकाळी डबा भरताना मला म्हणाली, "लवकर निघा. तुमच्या झाडाला पाणी द्यायचं असेल."

तुमच्या झाडाला. पोरगी तिच्या तोंडातून गेली ती गेली.

मला वाटलं, शब्दानं बिघडलंय ते शब्दानंच दुरुस्त करू. मी झाडाचं नाव 'निर्बीजा' ठेवलं, पाटी रंगवून घेतली, पत्रकं काढली. पुढच्या शिबिरात घसा कोरडा करून निर्बीजा, निर्बीजा म्हणालो. एक म्हातारा शेवटी उठून म्हणाला, "साहेब, निर्वीज म्हंजे लाईट गेली तरी चालतंय का?" नाव काही बसलं नाही. आता बसच्या पाट्यांवर अहिल्यानगर आलं तरी कंडक्टर दारात उभा राहून "नगर, नगर" ओरडतो. तोंडाला लागलेलं नाव तसं सुटत नाही. माझ्या झाडाचं नाव तर मीच, माईकवरून, गावाच्या तोंडाला लावलं होतं.

लोक घरी यायला लागले. एकदा सकाळी मी न्हाणीत होतो. बाहेर एका पाहुण्याचा आवाज: "वहिनी, त्ये वांझेचं कलम मिळतंय त्ये घर हेच का?"

"हेच," बायको म्हणाली. "बसा. साहेब आंघोळीला गेलेत. पाणी देऊ का?"

माझ्या अंगाला साबण, हातात तांब्या. ती त्याच्याशी पावसापाण्याचं बोलत राहिली, चहाची भांडी वाजली. साबण वाळून कातडी ओढायला लागली तरी मी दार उघडलं नाही. शेवटी तीच दारावर टकटक करून म्हणाली, "या बाहेर. वांझेला गिऱ्हाईक आलंय." तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तिनं तो तांदूळ, गहू म्हणावं तसा म्हटला.

कलमांचंही मी हसं करून घेतलं. पोरगीला बी नाही, म्हणजे वाढवायची कशी? नुसती काडी खोचली तर ती मूळ धरत नव्हती. म्हणून साध्या सुबाभळीच्या रोपावर तिचं कलम बांधून ते आम्ही शेतकऱ्यांना वाटलं. अशा कलमात एक पथ्य असतं: जोडाच्या खालून खालच्या झाडाचे फुटवे आले की काढत राहायचे. नाहीतर खालचं वरच्याला खाऊन टाकतं. हे प्रत्येकाला सांगायला हवं होतं. पण भाषणाचा वेळ ठरलेला असायचा, आणि माझा सगळा विनोदात जायचा.

एका दुपारी मी मेथी निवडत होतो, मोबाईल स्पीकरवर. पलीकडं पूर्वेकडच्या रानातला एक शेतकरी, मोठ्या खुशीत. "साहेब, अभिनंदन! तुमची वांझ बाळंत झाली. बांधभर पोरं!"

शिलाई मशीनचा आवाज थांबला. बायको आतल्या खोलीत फिती लावत होती. फोन कसा बंद करायचा हेच मला आठवेना. मी तो मेथीच्या जुडीखाली दाबला, आणि जुडीखालून तो माणूस हसतच राहिला.

"जा," ती आतून म्हणाली. "बघून या."

मी गेलो. पोरगीचं कलम कधीच वाळून गेलं होतं आणि खालची सुबाभूळ फोफावून शेंगांनी लगडली होती. असंच आणखी ठिकाणी निघालं. वरून माणसं आली, त्यांनी शेंगा पाहिल्या, माझ्याकडं पाहिलं, आणि काम गुंडाळलं. मी निवृत्तीला आलोच होतो. पोरगी उभी होती त्या तुकड्यावर गोदाम बांधायचं ठरलं.

मी बायकोला म्हणालो, "तोडायच्या आधी एकदा चल. फुललीय."

"कशाला? तुमचं झाड आहे. तुम्ही बघा."

मी एकटाच गेलो. ती गोंड्यांनी पांढरी झाली होती आणि माश्या घोंगावत होत्या. त्यांना कोण सांगणार की इथं काही होणार नाही. करवतवाला बुंध्याभोवती फिरला, कुठं कापावं बघत. फितीच्या करकोच्यावर त्यानं अंगठा फिरवला. "इथं खूण हायच की, साहेब," म्हणाला, आणि तिथंच पातं टेकवलं. खोड राहिलं तर फुटेल, एवढी एक आशा होती. दुपारी जेसीबी आला आणि खोड मुळासकट काढून बाजूला टाकलं.

ओल्या पोत्यात काही काड्या गुंडाळून मी घरी आणल्या. गच्चीवर तेलाचे रिकामे डबे होते, त्यांत माती भरून लावल्या. आयुष्यभर जे साधलं नाही ते निवृत्तीच्या डब्यात साधेल असं का वाटलं, विचारू नका.  दुसऱ्या दिवशी बघतो तर डबे उन्हातून सावलीत सरकवलेले.

आणि काड्यांना पालवी आली! बारीक, पोपटी, चिमटीत मावेल एवढी. मी ओरडत खाली गेलो. बायको म्हणाली, "पालवी काडीतल्याच जिवावर येते. मुळं आली का ते सांगा." बरोबर होतं; मीच कधीतरी तिला सांगितलेलं. म्हणून मी मुळं आली का बघायला एक काडी उपटली. नव्हती. परत खोचली. चार दिवसांनी दुसरी उपटली. अशा एकेक करून बहुतेक सगळ्या बघितल्या, आणि बघितलेली प्रत्येक वाळली. ती गच्चीवर आली, डब्यांकडं पाहिलं. "रोज उपटून बघताय. मूळ धरणार कधी?" शेवटच्या हिरव्या काडीचा डबा तिनं उचलला, खाली नेला आणि मशीनशेजारच्या खिडकीत ठेवला.

त्या डब्याशी ती काय बोलायची मला माहीत नाही. मी खोलीत आलो की मशीन सुरू व्हायचं. पण एकदा दारातून पाहिलं, तर तिनं काडीला आधाराची काटकी लावली होती आणि हिरव्या फितीची सैल गाठ. मी तसाच मागं फिरलो. मला वाटलं, आता एवढी एक काडी धरावी, बाकी काही मागणं नाही. ती तो जुना लाडाचा शब्द म्हणेल. आज नाही, उद्या म्हणेल.

मग तिला नेवाशाला जावं लागलं. भाच्याच्या बायकोचं डोहाळजेवण. निघताना म्हणाली, "पाणी मी घालून ठेवलंय. तुम्ही हात लावू नका. बघायचं असेल तर हात मागं बांधून बघा."

मी हात मागं बांधून बघितलं. खरंच बांधले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून. दुसऱ्या दिवशी पालवी जरा मलूल वाटली. उपटायचं नाही हे पक्कं होतं, तेव्हा मी नखानं साल जराशी खरवडून पाहिली. आत हिरवी. जीव भांड्यात पडला. संध्याकाळी त्याच्या खाली आणखी जराशी. सकाळी वर जराशी. ती येईपर्यंत काडीवर माझ्या नखांच्या चंद्रकोरी वरपासून खालपर्यंत.

तिला आल्या आल्या मी विचारलं, "ओटी भरायला तुला..."

"मी पुढं गेलेच नाही. पुऱ्या लाटत बसले." पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं खिडकीकडं पाहिलं. मग जवळ जाऊन पाहिलं. "हे काय?"

"हिरवी आहे का बघत होतो."

तिनं डबा तेवढा फिरवला, खुणा भिंतीकडं.

पुढच्या आठवड्यात पालवी झडली. तिनं पाणी घालणं थांबवलं नाही. मग एका सकाळी फितीची गाठ सोडली, काडी हलक्या हातानं काढली आणि नळाखाली धरली. माती धुऊन गेली. खालच्या टोकाला पांढरी गाठ धरली होती. मूळ फुटायच्या आधी काडी धरते ती गाठ. इतक्या वर्षांत माझ्या हातच्या एकाही काडीनं तिथवर मजल मारली नव्हती.

मी म्हणालो, "नखानं काडी मरत नसते. शास्त्राप्रमाणे..." आणि थांबलो. तिनं कपाटातून धोतराची एक जुनी थैली काढली, काडी तिच्यात घातली, हिरव्या दोऱ्यानं तोंड बांधलं. किती वेळ ती तशी मांडीवर घेऊन बसली होती मी पाहिलं नाही. मी मुद्दाम वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होतो.

भिंतीपलीकडून शेजारीण डोकावली. तिला डब्याचं सगळं ठाऊक होतं. "काकू, काय झालं हो? धरलं का झाड?"

माझं तोंड सवयीनं उघडलं. विनोद तयार होता, माझ्याच नखांवरचा, बराही होता. बायकोनं माझ्याकडं न बघता हात वर केला.

"पोरगी गेली आमची," ती शेजारणीला म्हणाली.

मग माझ्याकडं वळली. "आणि तुम्ही तोंड उघडू नका."